दिव्यापाशी कोण होतं?

मिस्टर प्रयोगशाळेत आधी आला आणि मॅडम नंतर. पांढरा सूट कसा चढवायचा, टोपीत केस कसे कोंबायचे, हे पहिल्या दिवशी त्यानेच तिला दाखवलं. दोघांचं जमलं, लग्न झालं, आणि पाच-सहा वर्षांत ती विभागाची प्रमुख झाली. तो होता तिथेच राहिला. तेव्हापासून तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि त्याला मिस्टर, म्हणजे मॅडमचे मिस्टर. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर. शेवटी तोच फोन उचलून “हां, मिस्टर बोलतोय” म्हणायला लागला. हसून म्हणायचा. सगळंच तो हसून म्हणायचा, आणि त्याच्यातलं मॅडमला सगळ्यात जास्त काही टोचत असेल तर ते हसू.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला जीव खाणारं. हवेतले वायू मोजणारी उपकरणं उपग्रहावर बसून वर जातात. पृथ्वीवरून परत फिरलेला उजेड ती गोळा करतात, त्याचे रंग सुटे करतात, आणि कुठल्या रंगातला किती उजेड वाटेत गिळला गेला त्यावरून कुठला वायू किती आहे ते सांगतात. पण ‘किती’ हे उपकरणाला आपोआप कळत नाही, ते शिकवावं लागतं. त्यासाठी ते जमिनीवर असतानाच एका मोठ्या टाकीत बंद करायचं, टाकीतली हवा ओढून घ्यायची, वर लागेल तेवढी थंडी द्यायची, आणि टाकीच्या काचेतून असा दिवा दाखवायचा ज्याचा उजेड आधीच तंतोतंत मोजलेला आहे. हा एवढा उजेड, याला एवढं म्हणायचं. रंगामागून रंग, दिवसचे दिवस. इथे शिकवताना चुकलं तर ते उपकरण जन्मभर चुकीचं बोलणार, आणि शिडी लावून त्याचा कान पिळायला वर कोणी जाऊ शकत नाही.

हॉलच्या एका टोकाला टाकी होती, दुसऱ्या टोकाला काळ्या पडद्यांच्या आडोशाला दिवा. टाकीपाशी दर रंगाला आरसे हलवून झोत नेमका काचेतून आत पाडायचा, हे काम मिस्टरचं. त्याच्या बोटांत काहीतरी होतं. दुसऱ्यांना जिथे अर्धा दिवस लागायचा तिथे तो श्वास धरून स्क्रूला केसभर पीळ द्यायचा आणि झोत जागेवर जाऊन बसायचा. दिव्यापाशी खुर्ची टाकून काट्यावर नजर ठेवायची, हे काम मॅडमचं. दिव्याची वीज जरा घसरली की उजेड घसरतो, म्हणून काटा रेषेवरून सरकला रे सरकला की बटण फिरवून त्याला परत आणायचं. ते आपोआप करणारी एक पेटी होती, पण त्या खेपेला ती बिघडलेली होती आणि दुसरी यायला वेळ होता. मोजणी चालू असताना खुर्ची सोडायची नाही, हा नियम मॅडमनेच केला होता. एकदा एक इंजिनिअर पाणी प्यायला उठला, तर सगळ्यांसमोर तिने त्याला अंगातला पांढरा सूट उतरवायला लावला आणि म्हणाली, “आता बाहेर जा आणि पोटभर पाणी प्या. परत यायची गरज नाही.” तो खरंच परत आला नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे मिस्टरची आई. नवरा लवकर गेला, मग शाळेत शिवण शिकवून तिने हा एकुलता मुलगा वाढवला, आणि सून आली त्या दिवसापासून तिच्या जिभेला काम मिळालं. सुनेला ती ‘साहेब’ म्हणायची. “साहेब, चहा मिळेल का? की अर्ज करू?” आल्यागेल्याला सांगायची, “आमच्याकडे सून नाही हो, साहेब आहे. मुलगा हाताखाली असतो, मी दारावर असते.” पाहुणे हसायचे. मिस्टरही हसायचा.

मॅडम हे मुकाट सोसत होती अशातला भाग नाही. तीही काही कमी नव्हती. आवाज होतो म्हणून म्हातारीचं शिवणयंत्र तिने गच्चीवर टाकलं आणि ते गंजून गेलं. कानाचं यंत्र दुरुस्तीला दिलं, ते दोन महिने दुकानातून आणलंच नाही. घर किती शांत झालंय, असं मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तेही म्हातारीच्या शेजारी बसून.

पण एक गोष्ट तिच्या आत रुतून बसली होती. आधीच्या एका उपकरणाची मोजणी चालू असताना तिला दिवस गेले होते, आणि चौथ्या महिन्यात ते सगळं संपलं. दवाखान्यात ती डोळे मिटून पडली होती. सासू सिस्टरला म्हणाली, आणि सुनेला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणाली, “यंत्रं बरी जपता येतात हिला, महिनेच्या महिने.” मिस्टर तेव्हा औषधं आणायला खाली गेला होता. घरी आल्यावर तिने त्याला सांगितलं.

“आई असं बोलेल?” तो म्हणाला. “गुंगीत होतीस तू. भास झाला असेल.” आणि हसून तिच्या केसांवरून हात फिरवला.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी नव्या उपकरणाच्या मोजणीचा शेवटचा टप्पा होता. दुसऱ्या दिवशी ते टाकीतून काढून पुढे पाठवायचं होतं, गाडी ठरली होती, आणि वर जायची तारीख कोणासाठी थांबणारी नव्हती. जेवणानंतर मोजणी पुन्हा सुरू झाली आणि थोड्या वेळात दिव्याच्या टेबलावरचा फोन वाजला. हॉलमध्ये तो एकच फोन, आणि माणसं ही दोघंच; बाकीचे पलीकडच्या खोलीत आकडे उतरवत होते. बाकी सगळ्यांचे फोन बाहेर कपाटात असायचे.

शेजारीण बोलत होती. “वहिनी, तुम्हीच का? अहो, आजी पडल्या बाथरूममध्ये. दवाखान्यात आणलंय आम्ही. डॉक्टर म्हणतात डोक्यात रक्त साकळतंय. शुद्धीवर आहेत, बोलतायत, पण पुढचं काही सांगता येत नाही म्हणे. भाऊंचा धोशा लावलाय नुसता. भाऊंना पाठवा लगेच.”

“पाठवते,” मॅडम म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

“कोण होतं हो?” कानाला लावलेल्या हेडफोनमधून मिस्टरचा आवाज आला. दोघांमध्ये पडदा होता. प्रयोगशाळेत ती एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत, घरी ‘तू’.

“स्टोअरवाले. उद्याच्या गाडीचं विचारत होते.”

ती काट्याकडे बघत बसली. तो गेला तर झोत धरणारं दुसरं कोणी नव्हतं. आजची मोजणी गेली असती, आणि उद्याचा दिवस हातात नव्हता. इथपर्यंत तिचा विचार कामाचा होता, आणि तिच्या वरचे मोठे साहेब तिच्या जागी असते तर त्यांनीही कदाचित तोच केला असता. मग तिला वाटलं, घरचं कोणीतरी तिथे असायला हवं. आपणच जाऊन येऊ. संध्याकाळी त्याला सांगू.

“मला मोठ्या साहेबांनी बोलावलंय,” ती म्हणाली. “काटा रेषेवर आहे. तुम्ही चालू ठेवा.”

“आणि खुर्ची?”

“चालू ठेवा म्हटलं ना.”

“बरं मॅडम,” तो म्हणाला. आवाजातच हसू होतं.

दवाखान्यात म्हातारी उशीला टेकून बसली होती. तोंडाची एक बाजू जराशी ओघळली होती, पण डोळे नेहमीचेच होते. सून आत आली तशी ती तिच्या मागे, दाराकडे बघायला लागली.

“तो कुठाय?”

“येईल आई. काम चाललंय.”

“मग तू कशाला आलीस?” जीभ जड झाली होती तरी शब्द कळत होते. “तुला कोणी बोलावलं? माझ्या मुलाला बोलाव. त्याच्याशी बोलायचंय मला.” मग सलाइन नीट करणाऱ्या सिस्टरकडे तिने मान वळवली. “ही साहेब आहे हो आमची. खुर्ची द्या हिला. नाहीतर तुम्हालाही कामावरून काढेल.”

सिस्टर हसली. म्हातारं माणूस थट्टा करतंय म्हणून हसली, त्यात काही नव्हतं. पण मॅडमच्या मानेवरची शीर ताठ झाली.

ती पलंगाच्या कडेला बसली, वाकली, आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, “आई, फोन आल्या आल्या त्याला सांगितलं मी. तो म्हणाला, काम टाकून येणार नाही. संपलं की बघू. म्हणून मी आले. तुम्ही एकट्या नको ना इथे.”

म्हातारीने विचारलं, “तो म्हणाला असं?”

“हो.”

“खोटं बोलतेस तू.”

“मी कशाला खोटं बोलू? हसून म्हणाला. तुम्हाला माहितीये ना, तो कसा हसतो ते.”

तिथे म्हातारीचा विश्वास बसला. चेहऱ्यावरचा सगळा ताठा उतरला आणि आत एक साधी, थकलेली बाई दिसली, जी मॅडमने इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. हे इतकं सोपं असेल याचं मॅडमला नवल वाटलं. तिने पांघरूण सारखं केलं, सिस्टरला दोन प्रश्न विचारले, डॉक्टरांना भेटून मुलाला संध्याकाळी घेऊन येते म्हणून सांगितलं, आणि शेजारणीला चहा पाजून घरी पाठवलं. मग ती सावकाश प्रयोगशाळेत परत आली.

पडद्याआड पाऊल टाकताच तिला दिसलं. काटा रेषेच्या खाली गेला होता. फार नाही. पण कधी घसरला, किती वेळ तसा होता, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. दुपारभर उपकरण ज्याला ‘एवढा उजेड’ म्हणून शिकलं होतं तो उजेड तेवढा नव्हता. थांबा, असं म्हणायला फार लागलं नसतं. दुपारचे रंग रद्द करायचे, मोठ्या साहेबांकडून कसंही करून एक दिवस मागून घ्यायचा. पण मग पहिला प्रश्न आला असता, मॅडम कुठे होत्या?

तिने बटण फिरवून काटा रेषेवर आणला. “कसं चाललंय?” तिने विचारलं.

“झकास मॅडम!”

ती खुर्चीत बसली.

संध्याकाळी शेवटचा रंग मोजून झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर सूट उतरवून बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता आणि खुशीत होता. कपाटांपाशी तिने त्याला गाठलं. “आईंना बरं नाही. पडल्या त्या. दवाखान्यात नेलंय म्हणून आत्ताच फोन आला.”

तो जिन्यावरून धावतच सुटला.

दवाखान्यात तो आईच्या उशाशी गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. मॅडम पायापाशी उभी राहिली. म्हातारीने डोळे उघडले.

“झालं का रे काम?” तिने विचारलं.

त्याला भरून आलं. एवढ्या दुखण्यात आईला आपल्या कामाची आठवण आहे!

“झालं आई,” तो हसून म्हणाला. “एकदम फक्कड झालं. इतकं छान आजवर झालं नव्हतं.”

म्हातारीने आपला हात त्याच्या हातांतून सोडवला, पांघरुणाखाली घेतला आणि डोळे मिटले.

“दमलीय,” तो मॅडमकडे वळून कुजबुजला.

“हो,” मॅडम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीची धाकटी बहीण आली. मावशीशी म्हातारी बोलली, सिस्टरशी बोलली, झाडणाऱ्या बाईशीसुद्धा दोन शब्द बोलली. मुलगा समोर आला की डोळे मिटायची. तो चमच्याने पाणी पाजायला गेला की ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार आहे, असं होतं कधीकधी. त्याने ते मानलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती गेली, आणि गेली तेव्हा तो शेजारीच बसलेला होता, याचंच तो लोकांना समाधान सांगत राहिला.

भेटायला येणारे सगळे येऊन गेले, आणि मावशीने आपली पिशवी भरायला घेतली.

“थांब ना अजून,” तो म्हणाला. “घर खायला उठलंय.”

“मी पुन्हा या घरात येईन असं धरू नकोस,” मावशी म्हणाली.

“का? काय झालं?”

“काय झालं विचारतोस? ती बिचारी तुझं नाव घेत पडली होती, आणि तू निरोप पाठवलास, काम टाकून येत नाही म्हणून. हसून सांगितलंस म्हणे. वर संध्याकाळी येऊन तिलाच सांगितलंस, काम फक्कड झालं. तुला लाज कशी नाही वाटली रे?”

“मी? मी कोणाला निरोप दिला?”

“बायकोला. ती येऊन बसली दुपारी. आणि आम्ही नावं तिला ठेवायचो.”

“मावशी, मला दुपारी काही माहीतच नव्हतं. मला संध्याकाळी कळलं.”

“आता बायकोवर ढकल,” मावशी म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली. तो जिन्यापर्यंत मागे गेला. तिने वळून पाहिलं नाही.

मॅडम स्वयंपाकघरात कप विसळत होती. तो दारात उभा राहिला.

“आईला काय सांगितलंस तू?”

ती खोटं बोलू शकली असती. तिचं तिलाच पुढे कळलं नाही, आपण खोटं का बोललो नाही ते. कदाचित एवढं करून ते कोणालाच कळू नये, हे तिला सहन होत नव्हतं. तिने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. हसून म्हणाला, हेसुद्धा.

“का?”

“तिने मला दवाखान्यात काय म्हटलं होतं ते तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालास भास झाला असेल.”

तो म्हणाला, “तिने मला विचारलं, काम झालं का. मी काय सांगितलं ते तू ऐकलंस. तिथेच होतीस.”

“हो.”

“तेव्हा तरी बोलायचंस.”

“तेव्हा तर मुळीच बोलले नसते.” तिने कप पालथा घातला.

त्याने आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. त्या दिवसापासून तो आईच्या खोलीत झोपायला लागला आणि मॅडमला घरीही ‘तुम्ही’ म्हणायला लागला. “तुमचा चहा ठेवलाय.” “तुम्हाला उशीर होईल का?” प्रयोगशाळेत मात्र तसाच हसरा. आई गेली तरी माणूस खचला नाही, म्हणून लोक त्याचं कौतुक करायचे.

उपकरण ठरल्या गाडीने गेलं, उपग्रहावर चढलं. वर जायच्या आधी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून शेवटचं विचारलं, “कोणाच्या मनात काही शंका? आत्ताच सांगा.”

मॅडम म्हणाली, “काही नाही.” मग साहेबांनी मिस्टरकडे पाहिलं. त्या दुपारी खुर्ची रिकामी होती, हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं.

“काही नाही साहेब,” मिस्टर म्हणाला.

तिला हायसं वाटलं. आपल्यासाठी नसेल, पण कामासाठी तरी हा माणूस गप्प राहिला, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचं काही करून वाढलं. तो जेवला आणि म्हणाला, “छान झालंय हो.”

उपग्रह वर गेला, उपकरण जागं झालं, पहिले नकाशे आले. आठवडाभर सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मग नकाशे नीट बघणाऱ्या कोणाच्या तरी लक्षात आलं, की जिथे जहाजसुद्धा फिरकत नाही अशा भर समुद्रावर हे उपकरण धूर दाखवतंय. वर जाताना काही बिघडलं असावं म्हणून ते धुंडाळलं. नाही. उपकरणाला सूर्याकडे वळवून पाहिलं. त्यातूनही तेच निघालं, की शिकवणीतच खोट आहे. चौकशीसाठी बाहेरून तज्ज्ञांची समिती आली. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, हळू बोलणाऱ्या.

“दिव्याची वीज तुम्ही हाताने सांभाळत होतात,” त्यांनी विचारलं. “दिव्यापाशी कोण होतं?”

“मी,” मॅडम म्हणाली.

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि रीत म्हणून मिस्टरकडे वळल्या. “तुम्ही टाकीपाशी होतात. तुम्हाला यात काही घालायचंय?”

“फार काही नाही,” मिस्टर म्हणाला. “फक्त शेवटच्या दिवशी दुपारी दिव्यापाशी कोणी नव्हतं. मॅडम बाहेर गेल्या होत्या.”

खोलीत कोणीतरी पेन खाली ठेवलं.

“कुठे?”

“माझी आई दवाखान्यात होती. तिला माझा निरोप द्यायला.”

“तुम्ही पाठवलं होतं त्यांना?”

“नाही. मी त्या वेळी झोत धरत होतो. आई दवाखान्यात आहे हेच मला माहीत नव्हतं. मी येत नाही, असा निरोप होता.”

मोठे साहेब मॅडमकडे बघायला लागले. मग सगळेच बघायला लागले.

“तुम्ही हे आधी का सांगितलं नाहीत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मॅडम म्हणाल्या होत्या काटा रेषेवर आहे. मॅडमच्या शब्दावर मी कधी शंका घेतली नाही.” आणि तो तसंच, सगळ्यांना आवडायचं तसं, हसला.

गाड्या लावायच्या जागी ती त्याला आडवी आली. “वर जायच्या आधी बोलला असतास तर उपकरण उतरवून दुरुस्त करता आलं असतं.”

“माहीत होतं मला.”

“माहीत होतं? मग?”

“तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? साहेब चार शब्द बोलले असते, दुपार पुन्हा मोजली असती. तेवढ्यावर सुटला असतात तुम्ही.”

“अरे, इतक्या लोकांचं काम होतं ते. तुझं होतं!”

“हो, माझं होतं,” तो म्हणाला आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडून उभा राहिला.

मॅडमची जागा गेली. त्या उपकरणाने जे आकडे दिले होते ते कोणी मानेना. कारखान्यांच्या एका गावात माणसं खरोखरच खोकून बेजार होती, आणि उपकरणाने तिथला धूर दाखवलाही होता. तिथले कारखानदार म्हणाले, हे यंत्र तर समुद्रावरही धूर बघतं. गावाचं गाऱ्हाणं तिथेच बसलं.

विभाग तात्पुरता मिस्टरकडे आला. उपकरण किती खोटं बोलतंय ते काढायला एकच उपाय होता. उपग्रहाच्या वाटेखाली, स्वच्छ हवेच्या एखाद्या उंच माळावर बसायचं, आणि तो डोक्यावर येईल तेव्हा खालून सूर्याकडे बघत तीच हवा मोजायची. महिनोन्‌महिने. दोन्ही आकड्यांतल्या फरकावरून दुरुस्ती निघते. असा माळ सापडला, पत्र्याची खोली उभी राहिली, पण जायला कोणी तयार होईना.

“मॅडम जातील,” मिस्टरने मोठ्या साहेबांना सांगितलं. “त्यांच्याइतकं काटेकोर आपल्याकडे कोणी नाही.” साहेबांना वाटलं, लोकांच्या नजरेआड तरी होईल बिचारी, नवऱ्याने चांगलं सुचवलं. मॅडम नाही म्हणू शकली नाही. चौकशीनंतर दुसरीकडे तिला कोणी दारात उभं केलं नसतं, आणि आपण घातलेली खोट आपणच काढली तर नाव थोडंतरी धुऊन निघेल, अशी तिला आशा होती.

माळावर झाड नव्हतं. वारा दिवसभर पत्रा वाजवायचा. पाणी आणि सामान घेऊन एक गाडी आठवड्याला यायची. मॅडम छतावरच्या उपकरणाचं झाकण उघडायची, सूर्य धरायची, आकडे पाठवायची. सुरुवातीला ती त्याला फोन करायची. “बोला मॅडम,” तो म्हणायचा. “आजचे आकडे मिळाले. कालचे ढगामुळे राहिले का?” आणखी काही बोललं तर “हं, हं” म्हणत ऐकून घ्यायचा आणि पुन्हा आकड्यांवर यायचा.

थंडी संपल्यावर तो पाहणीसाठी आला. छतावर चढून त्याने उपकरण तपासलं, एका स्क्रूला केसभर पीळ दिला, आणि काम उत्तम चाललंय म्हणाला. मग ड्रायव्हरने गाडीतून खोकी उतरवून खोलीत लावली. त्यांत तिचे कपडे होते, पुस्तकं होती.

“हे काय?”

“मावशी राहायला यायचीय. तिला आता सगळं कळलंय. जागा लागेल.” त्याने हात पुढे केला. “घराची किल्ली दिलीत तर बरं होईल.”

“मी परत आले की कुठे जायचं?”

“ते अजून कुठे ठरलंय?”

तिने जुडग्यातून किल्ली काढायला घेतली. बोटं थंडीने बधिर झाली होती, कडी सुटेना. तो मदतीला पुढे झाला नाही, शांतपणे थांबून राहिला. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवताना ती म्हणाली, “एकदा रागव तरी माझ्यावर. शिव्या दे, काहीतरी कर.”

“छे हो,” तो म्हणाला. “रागवण्यासारखं तुमचं काम कुठे आहे?”

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा ती अजून दारातच उभी होती.

वर्षभराने दुरुस्ती लागू झाली. समुद्र पुन्हा स्वच्छ दिसायला लागला. कारखान्यांच्या गावावरचा धूर जेवढा होता तेवढा दिसायला लागला, पण तोवर तिथली बरीच माणसं उठून दुसरीकडे गेली होती आणि काही दगावलीही होती. मोठ्या साहेबांनी मिस्टरला विभागप्रमुख म्हणून कायम केलं. मॅडम माळावरच आहे. बदलीचा अर्ज ती दर वर्षी करते. दर वर्षी तो मिस्टरच्या टेबलावर जातो, आणि त्याच्या सुवाच्य अक्षरातला शेरा घेऊन परत येतो: काम उत्कृष्ट. आहे तिथेच ठेवावे.